अननसाचा नवस

"रतनबाई, कपाटातले डबे तेवढे सांभाळा हं. सत्यनारायणाच्या शिऱ्यात त्यातलाच अननस घालायचाय."

मळवलीच्या बंगल्याची चावी देताना अनघाताई एवढंच म्हणाल्या होत्या. रतनबाईंनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्या सोमवारच्या उपासासारखा पाळत.

पूजा दोन दिवसांवर आली तेव्हा त्यांनी कपाट उघडलं. पावसाळाभरच्या ओलीनं अननसाचे आणि मासळीचे मिळून सहाही डबे गंजले होते. रतनबाईंनी पदर खोचला. देवाची भांडी घासतात तसं चिंच-मीठ लावून एकेक डबा लख्ख केला. गंज गेला. त्याबरोबर डब्यांवरचे चित्रांचे कागदही गेले.

"अवो, ह्यात मासळीचे कुठले आन् अननसाचे कुठले?"

कैलासनं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, एक डबा कानाशी धरून हलवला. "पवतंय काय तरी."

"अननस बी पाकात पवतोच की!"

सकाळी बघतात तर डबे आधीपेक्षा लाल. चिंचेनं पितळ उजळतं; डब्याच्या पत्र्यावरचा पातळ मुलामा मात्र तिनं खाऊन टाकला होता.

"गप बस. फाटकाचा चंदेरी रंग उरलाय," कैलास म्हणाला.

संध्याकाळपर्यंत डबे फाटकासारखे चकाकू लागले.

पूजेच्या दिवशी गुरुजी चौरंग मांडत होते. रवा भाजून तयार होता. अनघाताई डब्यांकडे बघतच राहिल्या.

"हे काय, रतनबाई?"

"डबेच हायेत, ताई. जपल्यात."

"अहो, पण कुठला कशाचा?"

पूजेच्या घरात मासळीचा वास सुटला तर! रतनबाई डोळे मिटून कैलासशेजारी पुटपुटल्या, 'आई एकवीरे, पयला डबा अननसाचा निघू दे. अनवाणी गडावर येते.'

कैलासनं सुरी खुपसली. आत पिवळ्याधमक चकत्या! रतनबाईंनी तिथूनच कार्ल्याच्या दिशेनं हात जोडले.

अनघाताईंनी डबा उचलला आणि त्यांचा अंगठा बुडाशी थबकला. पत्र्यावर ठोकलेली तारीख रंगातूनही हाताला लागत होती.

"अय्या, हा तर दोन वर्षांपूर्वीच बाद झालाय! मीच बघितलं नव्हतं. टाका सगळे. शिऱ्यात केळं घाला."

प्रसाद वाटून झाल्यावर कैलास हळूच म्हणाला, "सुटलीस बघ. अननस गेला उकिरड्यावर. आता गडावर जायाचं कारण न्हाई."

"मी अननस मागितला, आईनं दिला. तारखेचं मी कुटं बोलले हुते?"

रतनबाईंनी चपला उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि कार्ल्याची वाट धरली.