शुभहस्ते सात थर

सन १९९६च्या फेब्रुवारीत मिरजगावच्या सहादेवची मागची दाढ किडली. आठ दिवस तो भाकरी दुधात कुस्करून गिळत होता. त्याच आठवड्यात गावच्या सुधारणा मंडळाने ‘निसर्गप्रेरित दंतशिबिर’ जाहीर केल्याने शिबिराला आयता लाभार्थी मिळाला.

नगरच्या डॉक्टर वृषालीबाई एका परिषदेत नवे तंत्र शिकून आल्या होत्या. शिंपला थरावर थर चढवून टणक होतो, तसा दातातला खड्डा पातळ थरांनी भरायचा. तीन थर पुरेत, असे त्या म्हणाल्या. मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव यांनी निमंत्रणपत्रिका पुढे केली. तिच्यावर ‘शुभहस्ते’ या शब्दाखाली सात नावे होती.

“एकेकाला एकेक थर द्या. चौघांना काय मोकळ्या हातानं परत लावायचं?” उत्तमराव म्हणाले.

एवढ्यात फोटोग्राफर गहिनीनाथाने सहादेवच्या तोंडात डोकावून पाहिले. “मागं लई अंधार हाय. फोटो येनार न्हाई. पुढचा दात घ्या.”

“आवो, पन दुखतीय ती मागची दाढ!” सहादेव कळवळला.

“तू गप बस. पाहुन्यांचा येळ मोडतोय,” उत्तमराव म्हणाले.

सुळ्याशेजारचा दात धडधाकट होता. खड्ड्यावाचून तंत्र चालत नाही, म्हणून आधी खड्डा पाडायचे ठरले. “हा दात चांगला आहे हो,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. पण पत्रिकेत त्यांचेही नाव होते, तेही ठळक अक्षरांत. त्यांनी मशीन सुरू केले.

तिसऱ्या थरालाच खड्डा भरला. उरलेल्या चौघांनी आपापला थर टाळ्यांच्या गजरात वर चढवला. दात घडवताना निसर्गाने पाहुण्यांची संख्या विचारात घेतली नव्हती, ही चूक त्याचीच. सातव्या थरानंतर सहादेवचे तोंड मिटेना. त्या सातांपैकी एकालाही त्याची लाज वाटली नाही, याची मला आजही चीड येते.

“आवं, दुखती दाढ तशीच ऱ्हायली की!” त्याची बायको मालनबाई ओरडली.

उत्तमरावांनी रजिस्टर उघडले. “एका मानसाला एकच दात. तुमचा झाला. अंगठा द्या.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सात मान्यवर आणि मधोमध तोंड उघडा सहादेव. खाली छापले होते, ‘लाभार्थ्याचा आनंद गगनात मावेना’.

तो फोटो तुम्हीही चहा घेताना पाहिलात. “किती निर्मळ हसतात हो ही खेड्यातली माणसं!” असे म्हणालात, आणि बिस्कीट चावत पान उलटलेत.