थोरली कंपनी, धाकटी कंपनी

मधुनानांच्या घरी कोणी नवा माणूस गेला, की पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी नाना विचारत, "तुम्ही कोन्ती कंपनीना?" माणूस गोंधळे. कोणी एस.टी. सांगे, कोणी विमा. माझ्या सासऱ्यांना वाटले, हे जातच विचारताहेत. ते रागावून उठलेच. नानांना एवढेच हवे असे, की टीव्हीला जोडून खेळायचे गेम बनवणाऱ्या दोन जपानी कंपन्यांच्या भांडणात तुम्ही कोणाच्या बाजूचे.

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावात या कंपन्या ठाऊक असलेली माणसे फार नव्हती. नानांनाही त्यांची नावे धड म्हणता येत नसत. ते एकीला थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. थोरलीचे मशीन राखाडी, आठ बीटचे. धाकटीचे काळे, सोळा बीटचे. बीट म्हणजे मशीनची ताकद, एवढे त्यांनी मला समजावले होते. पण ताकदीवर त्यांचा विश्वास नव्हता. "आठमा बठ्ठं मावस," ते आपल्या अहिराणीत म्हणत, म्हणजे आठात सगळे मावते. "सोळा कसाले?"

नानांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. धाकटे भाऊ अप्पा शेजारच्याच स्टुलावर बसून काम करत. दुकानात गेम विकायला ठेवायचे ठरले, तेव्हा अप्पांनी काळे मशीन आणले. नाना म्हणाले, या दुकानात थोरलीच राहील. अप्पा म्हणाले, मग मी राहत नाही. ते धुळ्याला गेले आणि तिथे काळ्या मशीनचे दुकान टाकले. तेव्हापासून बोलणे बंद. एका गोष्टीत मात्र दोघे एकमताचे होते: एका कंपनीची गेमची कॅसेट दुसरीच्या मशीनमध्ये बसत नाही, याचा दोघांनाही अभिमान होता.

धरणगावच्या एका लग्नात मी त्यांना पंगतीत पाठीला पाठ लावून बसलेले पाहिले. भांडण वाढप्यामार्फत चालले होते. अप्पांनी त्याला सांगितले, मागच्या पाहुण्यांना विचार, त्यांची आठ बीटची बैलगाडी कुठवर आली. नानांनी वाटी पुढे करत उलटा निरोप दिला, की पळणाऱ्याला म्हणावं, पोहोचायचं कुठं ते आधी ठरव. या येरझाऱ्यांत वाढप्या वरण वाढायचेच विसरला.

मी नानांच्या शेजारी राहत होतो आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. नाना चौथी शिकलेले. इंग्रजी मासिकात या कंपन्यांविषयी काही आले, की मी ते त्यांना मराठीत सांगे. थोरलीचा खप वाढल्याचे कळले, की नाना ग्रंथालयात पेढे वाटत. प्राचार्यांनीही एकदा कशाचा आनंद म्हणून न विचारता पेढा खाल्ला होता.

एके दिवशी मी वाचून सांगितले, की धाकटी मागे पडत चालली आहे. पेढ्याच्या आशेने शिपाई जवळ येऊन उभा राहिला.  नानांनी विचारले, की अशाने तिचा माल विकणारी दुकाने बंद पडतील का. कोणते दुकान त्यांच्या मनात होते, ते मला कळले. नानांनी त्याचे नाव घेतले नव्हते, म्हणून मीही नेमके उत्तर दिले नाही.

त्याच आठवड्यात ते पोस्टकार्ड घेऊन आले. अप्पांना बोलवायचे होते. नाना अहिराणीत सांगत गेले, मी लिहीत गेलो. पण कानावर पडलेले तसेच कागदावर उतरू द्यायचे, हे माझ्या शिक्षणात बसत नव्हते. पत्र झाले ते असे: "आपण आपले यंत्र घेऊन आमच्या राहत्या घरी समक्ष उपस्थित राहावे." वाचून दाखवले तेव्हा नाना भारावून गेले. अगदी कलेक्टरच्या ऑफिसातून आल्यासारखे झाले, म्हणाले, आणि खाली सही केली.

उत्तर आले नाही. दर रविवारी धुळ्याची गाडी यायच्या वेळेला नाना स्टँडवर जाऊन येत. मी विचारले, तर सेल आणायला गेलो होतो म्हणत. सेल तर त्यांच्याच दुकानात मिळत. आणखी एक पत्र लिहू का, असे मी कधी विचारले नाही. पहिले चांगले उतरले होते, असे मला वाटत होते. असे दोन वर्षे चालले, आणि एका सकाळी नाना गेले.

दहाव्याला अप्पा आले. सगळे आटोपल्यावर त्यांनी खिशातून ते पोस्टकार्ड काढले.

"सर, हाई कोन्ता वकीलनी लिखेल व्हतं?"

त्यांना ती नोटीस वाटली होती. नाना दुकानाच्या वाटणीचे जुने भांडण काढणार, मशीन ठेवून घेणार, असे समजून ते धुळ्यातच बसून राहिले होते. मी लिहिले, असे मी सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. मग त्यांनी विचारले, की नानाने खरे काय सांगितले होते.

शब्दन्‌शब्द मला आठवत होता.

"अप्पा, तुनं मशीन लई ये. मना टीव्हीले लावूत. माले एकलं करमत नही."

अप्पा पोस्टकार्डाकडे पाहत राहिले.

"आखो एक डाव सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितले. माझे अहिराणी उच्चार चुकत होते. अप्पांनी एकही दुरुस्त केला नाही.