पाचशे शब्दांचे रेडीजकाका

रेडीजकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर, भर मे महिन्यात, केरभरणीनं बर्फ लोटताना.

बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडून आणलेली अर्धी लादी. ती त्यांनी गोणपाटात गुंडाळून फोडली होती आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात नीट पसरली होती. कमरेत वाकून ते बर्फ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे नेत, मग थांबत, पाठीवर हात ठेवत आणि वहीत काहीतरी टिपत. मी कुरडया वाळत घालायला गेले होते. आम्ही पनवेलजवळ सुकापूरच्या त्या इमारतीत राहायला येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

"जपून या वहिनी, घसराल," ते म्हणाले. "माझी कंबर डावीकडून भरलीय. म्हणजे फावडं उजव्या हातात धरायचं नाही. हा मुद्दा पुस्तकात नसतो."

खाली येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मुलांना त्यांच्यापासून जरा लांब ठेव."

खुलासा नंतर झाला. कॅनडातल्या लोकांनी दारातला बर्फ कंबर न मोडता कसा उपसावा, यावर काकांना पाचशे शब्दांचा लेख लिहायचा होता. तोच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. मी विचारलं, "बर्फ न उपसता नाही का हो लिहिता येत?"

"येतं की. सगळे तसंच लिहितात. पण ते वाचून तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याची कंबर गेली, तर?"

गजानन रेडीज तळोज्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरमध्ये होते. साहेबांची इंग्रजी पत्रं लिहून देता देता त्यांचं इंग्रजी त्या कारखान्यापेक्षा बरं झालं. कारखाना बंद पडला तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. लग्न केलेलं नव्हतं, घरी आजारी आई होती; आम्ही राहायला आलो तोवर तीही गेली होती. इतर लोक पुन्हा नोकऱ्या शोधत फिरले. काकांनी हप्त्यानं कॉम्प्युटर आणला. तेव्हा आमच्या भागात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, आणि परदेशातल्या कुणा स्टीव्हला त्याच्या वेबसाइटींसाठी स्वस्तात लेख हवे होते. स्टीव्ह वयानं पंचविशीतला असावा. काका त्याला कायम 'स्टीवसाहेब' म्हणत आणि ईमेलच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहीत.

स्टीवसाहेबांच्या विषयांना धरबंध नव्हता. पोहण्याच्या तलावातलं शेवाळ, म्हाताऱ्या कुत्र्यांचे दात, पाहुण्यांच्या खोलीतले पडदे. काका प्रत्येक गोष्ट करून बघत. कुत्र्याच्या दातांसाठी त्यांनी इमारतीखालच्या मोत्याला टूथब्रश दाखवला. मोत्या त्यानंतर आठवडाभर समोरच्या इमारतीत राहिला.

त्यातून लेखात एक ठरलेला शब्द आठ वेळा यावा लागे, नाहीतर म्हणे गूगलला लेख सापडत नाही. ही सवय काकांच्या बोलण्यात उतरली. सोसायटीच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी ही साधी पाण्याची टाकी नाही. उत्तम पाण्याची टाकी कशी असावी, तर पाण्याची टाकी झाकलेली असावी." सेक्रेटरींनी मध्येच थांबवलं, तर म्हणाले, "अजून चार वेळा राहिलंय."

दुसरी सवय मुद्द्यांची. "कसे आहात काका?" म्हटलं की, "तीन कारणांनी बरा आहे." माझ्या धाकट्याला सर्दी झाली तर जिन्यातच उभे राहून सांगितलं, "सर्दी घालवायचे सात मार्ग असतात. चार आत्ता सांगतो, तीन बघून सांगतो." आणि उरलेले तीन त्यांनी खरंच चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवले.

घरी बसून काम करणाऱ्या माणसाला पनवेलमध्ये काम करणारा म्हणत नाहीत, घरी बसलेला म्हणतात. अख्ख्या इमारतीच्या किल्ल्या, कुरियर आणि गॅसचे सिलेंडर काकांकडे येत. तळमजल्यावरच्या पाटलीणबाई तर सून येईपर्यंत नातूच ठेवून जात. "मी घरी असतो म्हणजे मोकळा असतो असं नाही," काका चिडून म्हणत आणि सिलेंडर उचलून आत घेत. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली, 'कार्यालयीन वेळ ९ ते ५. कृपया बेल वाजवू नये.' चार दिवसांनी खाली पेनानं वाढवलेलं दिसलं, 'सिलेंडर असल्यास वाजवावी.' मग, 'बाळ असल्यास हळू वाजवावी.'

एकदा स्टीवसाहेबांनी विषय दिला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी बायकोला काय द्यावं? काकांना स्वतःचा अनुभव नव्हता, म्हणून ते वही घेऊन घरोघर फिरले. प्रश्न साधा होता, "तुमच्या मिस्टरांनी आजवर दिलेली सर्वांत चांगली भेट कोणती?" त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या चार घरांत अबोला होता. त्यातलं एक घर आमचं.

शेवटी त्यांनी करंज्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिराबायला गाठलं. हिराबाय पाटीवरचा ओला फडका झटकत म्हणाली, "तो काय देनार, काका? सोनं नाय, नानं नाय. पन होरी रंगवली ना औंदा, तिच्यावर माजा नाव लिवला."

"वाचलंस तू?"

"मना कुटं वाचता येतंय? पन लाल रंगानं लिवलाय. लांबून दिसतंय."

काकांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी लेखात पहिला मुद्दा घातला, बायकोचं नाव होडीवर लिहा. लाल रंगात. स्टीवसाहेबांनी कळवलं की आमच्या वाचकांकडे होड्या नाहीत. काकांनी उलट कळवलं, "मग त्यांनी आधी होडी घ्यावी."

स्टीवसाहेबांशी त्यांचं खरं वाजलं ते गादीवरून. कुठल्याशा गादीबद्दल पंचवीस समाधानी गिऱ्हाइकांचे पंचवीस अभिप्राय लिहायचे होते, वेगवेगळ्या नावांनी. काकांनी लिहिलं, गादी पाठवा, पंचवीस रात्री झोपतो आणि कळवतो. गादी आली नाही, कामही थांबलं. दोन महिने काका नुसता वरण-भात खात होते, हे आम्हाला कळलं ते भाजीवाल्याकडून. तेही त्यानं "रेडीजसाहेब गावाला गेलेत का?" असं विचारलं म्हणून. मग स्टीवसाहेबच परत आले. शेवाळावर असं मन लावून लिहिणारा माणूस त्यांना दुसरा मिळाला नसावा.

मला लिहायला लावलं ते याच माणसानं. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी बेलापूरची नोकरी सोडली. दिवसभर घर, औषधं आणि सासऱ्यांची हुंकारांची भाषा. एकदा कुरियर घ्यायला वर गेले तर काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही ब्लॉग लिहा."

"मी कशावर लिहिणार?"

"जे दिसतं त्यावर. पाचशे शब्द. खोटं घालायचं नाही, एवढंच."

मराठी टाइप करायला त्यांनीच शिकवलं. मी लिहायला लागले, सासऱ्यांना भरवताना ते चमच्याकडे कसे संशयानं बघतात, कोन गावाहून येणारी भाजीवाली भाव सांगताना आधी आमचा चेहरा कसा वाचते, असलं काहीबाही. पंधरा लेख झाले. वाचणारं कुणी नव्हतं. नवरा म्हणायचा, "वाचतो गं रविवारी." मी बंद करायचं ठरवलं आणि काकांना तसं सांगितलंही.

दोन दिवसांनी पहिला अभिप्राय आला. खाली नाव होतं सुलभा, सांगली.

'तुमच्या सासऱ्यांचा चमचा वाचून हसू आलं, आणि मग आलं नाही. लिहीत राहा.'

मी धावत वर गेले. काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसत ऐकलं आणि विचारलं, "कोण या?"

"काय माहीत! पण कुणीतरी वाचतंय."

"वाचक मिळणं ही मोठी गोष्ट आहे," ते म्हणाले. "तीन कारणांनी." कारणं मी ऐकायला थांबले नाही.

त्यानंतर सुलभाताई प्रत्येक लेखावर लिहू लागल्या. कधी एक ओळ, कधी परिच्छेद. प्रत्येक वेळी मी तो काकांना वाचून दाखवायची. एकदा तर ते म्हणाले, "बाई जरा जास्तच हळव्या दिसतात." मी सुलभाताईंच्या बाजूनं त्यांच्याशी भांडले.

सासरे गेले तेव्हा महिनाभर मी काही लिहिलं नाही. मग एका दुपारी त्यांच्या रिकाम्या खाटेवर बसून पाचशे शब्द लिहिले. सुलभाताईंचा अभिप्राय आला, 'आई गेल्यावर मी नऊ दिवस कुणाशीच बोलले नव्हते. बोलायला कुणी नव्हतं. दहाव्या दिवशी दूधवाल्याला अर्धा लिटर म्हटलं, तेव्हा आपलाच आवाज अनोळखी वाटला. तुम्ही मात्र बोलत राहा. तुमच्याकडे माणसं आहेत.' हा मात्र मी काकांना वाचून दाखवला नाही. मला तो वाचता आला नसता.

हळूहळू इतर वाचक आले. त्यांच्यातल्या एकानं मला भाषांतराचं काम दिलं, मग दुसऱ्यानं. घरी बसलेल्या माणसांच्या यादीत मीही रीतसर दाखल झाले आणि निम्मे सिलेंडर माझ्याकडे यायला लागले.

त्या पावसाळ्यात काकांना डेंगी झाला. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. सलाईन लावलेल्या हातानं त्यांनी किल्ली काढून दिली. "स्टीवसाहेबांना मेल करा, लेख उशिरा येईल. कारण खरं लिहा. कॉम्प्युटर चालूच आहे. मेल करा आणि बंद करा."

मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर एक ताट, एक वाटी, एक पेला, तिन्ही धुऊन पालथी. कॉम्प्युटरचा पडदा चालू केला तर समोर माझाच ब्लॉग. आदल्या आठवड्यातला वालाच्या बिरड्यावरचा लेख. त्याच्याखाली अर्धा लिहिलेला, न पाठवलेला अभिप्राय. वर नाव, सुलभा.

'बिरडं आमच्याकडे आई करायची. एकट्या माणसाला मोड आलेले वाल सोलायला बसवत नाही. समोर कुणीतरी लागतं. मी हल्ली'

तिथं वाक्य थांबलं होतं. तेवढ्यातच त्यांना ताप भरला असावा.

मी स्टीवसाहेबांना मेल केली. कॉम्प्युटर बंद केला.  इतके दिवस मी ज्या बाईंना मनातलं सगळं सांगत होते, त्यांना रोज जिन्यात "कसे आहात" विचारून उत्तर न ऐकताच पुढं जात होते.

दवाखान्यात परत गेले तेव्हा काका छताकडे बघत होते.

"केलीत मेल?"

"केली."

"बाकी काही... उघडं नव्हतं ना?"

"नाही हो. पडदा काळाच होता. मेल उघडली, लिहिली, बंद केलं."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला.

पंधरा दिवसांनी ते घरी आले, आणि चार दिवसांनी सुलभाताईंचा अभिप्राय आला. वाक्य पुरं झालं होतं, 'मी हल्ली विकतचं आणते, तेही छान असतं.' मी ते दोनदा वाचलं. मग खाली उत्तर लिहिलं, 'सुलभाताई, येत्या रविवारसाठी वाल मोड आणायला बांधलेत. खूप झालेत आणि सोलायला माणूस नाही. तुम्ही सांगलीला, नाहीतर तुम्हालाच बोलावलं असतं. आता शेजारीपाजारी कुणी आलं तर बघायचं.'

रविवारी सकाळी नवरा मुलांना घेऊन उरण नाक्यावर बाजाराला गेला होता. दार उघडंच होतं. रेडीजकाका उंबऱ्यात उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात स्टीलची वाटी.

"सहजच आलो होतो," ते म्हणाले.

"या ना. बरं झालं आलात."

मी वर्तमानपत्र पसरलं, मध्ये वालांचं पातेलं ठेवलं. ते समोर मांडी घालून बसले आणि एकेक वाल चिमटीत धरून सोलू लागले.  मग म्हणाले, "आई साल काढून झालं की दाणा उजेडाकडे धरून बघायची." आणि बोलायला लागले. आईचं आजारपण, तिचं बोलणं, ती गेल्यावरचे दिवस. मुद्दे नव्हते, क्रम नव्हता, शेवटही नव्हता.

मध्येच पातेल्यातले वाल संपले. काकांचं लक्ष नव्हतं. मी सालींच्या ढिगात हात घातला आणि राहिलेले वाल शोधत असल्यासारखी चाचपत बसले.