युद्धखोर माणिकरावांची माघार

ताडकळसच्या माणिकरावांकडे दाढीला बसलं की परराष्ट्र धोरण ठरवूनच उठावं लागतं. वस्तरा गळ्यापाशी आला की ते विचारतात, "बोला, तुमी कुणाकडून?" अशा वेळी माणूस फारसा मोकळेपणानं बोलत नाही. त्यामुळे सगळं गाव आपल्याच मताचं आहे, असं माणिकराव धरून चालतात.

रशिया-युक्रेनची लढाई लागली तेव्हापासून ते रशियाच्या बाजूनं. तिकडचा एकही माणूस त्यांनी कधी पाहिलेला नाही. पण "फैसला झाल्याबिगर थांबायचं न्हाई" हे त्यांचं ठाम धोरण. कुणी वाटाघाटींचं नाव काढलं की म्हणायचे, "बोलून काय हुतंय? लय झालं तर चहा संपतो."

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षं त्यांच्याच खुर्चीत बसलो. एकदा एक गाल झाल्यावर मी बोलून गेलो, "दोघांनी बसून मिटवावं की." माणिकरावांनी वस्तरा मिटला आणि माझ्या गळ्याभोवतीचा कपडा काढून झटकला. "मंग तुमी बी घरी बसून मिटवा." अर्धी दाढी घेऊन मी भर बाजारातून घरी आलो. वाटेत भाजीवालीनं दुसऱ्या गालाची चौकशी केली.

त्यानंतर बोलणं बंद. सहा महिने मी आरशासमोर स्वतःला कापून घेत होतो. शांततेचा उपदेश करणाऱ्यानं पहिलं पाऊल टाकायला काय हरकत होती? पण मीही कमी हट्टी नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या बडबडीवाचून करमत नव्हतं.

परवा बाजाराच्या दिवशी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, माणिकराव पेटी घेऊन माझ्या दारात उभे. "बसा," म्हणाले. मी बसलो. त्यांनी साबण लावला.

"चुकलं माझं, गुरुजी. काल दुकानात समद्यांसमोर बी सांगितलं. थांबवा म्हणलं ती लढाई."

"का हो? काय झालं?"

"मोबाईलवर पाह्यलं. फौजेत चाललेली पोरं रांगेत बसलेली, न्हावी मशीन फिरवायलाय. एका पोराच्या डोक्याला दोन भोवरे. आपल्यात म्हणतेत, दोन लग्नं हुतेत. पोरगं हसायलंय."

"कोणत्या बाजूचं होतं?"

"कुणाला ठावं! भाषा कळंना." त्यांचा वस्तरा हवेतच थांबला. "त्या न्हाव्याला भोवरे दिसले असतेलच की. हात कसा चालला त्याचा?"

मी ओठावर आलेला फेस पुसला.

"माझ्या पोराला, नारायणाला बी दोनच हायत," माणिकराव हळूच म्हणाले. "मामाच्या मांडीवर बसवून जावळ मीच काढलं. आता पुण्यात राहतो. दिवाळीला येतो, ते कटिंग करूनच येतो."

दाढी झाली. मग सवयीनं त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून पुढं वाकवलं आणि तळवा फिरवला. "भोवरा सापडंना, गुरुजी."

सापडणार कसा? माझ्या डोक्यावर वीस वर्षांत एक केस नाही. मी मान खाली घालून तसाच बसून राहिलो. त्यांनी बराच वेळ हात काढला नाही.