नाव बुडाली त्या वर्षाचें वर्तमान

श्रीकुलदेवतेस स्मरून आणि बुडाल्यांचे आत्म्यांस नमन करून लिहिलें ऐसें जे, शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, ते समयीं नदीकांठच्या एका राज्यांत पांच अखबारखाने होते. तेथें वर्तमान लिहून बाजारदिवशीं पेठापेठांत वाचून दाखवीत, आणि पांचांचीं पांच मतें, म्हणोन रयतेस खरें कळे. मग नदीवरील नावांचा मक्ता ज्यांजकडे ते सुभानराव नाईक, त्यांणीं एकामागून एक चार अखबारखाने विकत घेतले. पांचवा सगुणाबाई पारसनीस यांचा. त्या कोणास वश न होत. त्यांची नजर अधू, म्हणोन त्या सांगत आणि आम्ही लिहीत असों.

आषाढांत नाईकांचा नावाडी धावजी कोळी येऊन बोलिला, "बाईसाहेब, मोठे नावेचा तळ कुजला. नाईकांस दोनदां सांगितलें, ऐकत नाहींत." बाईंनीं स्वतां जाऊन तळास सुरी लाविली, ती मुठीपर्यंत आंत गेली. मग तें जैसेंचे तैसें लिहविलें आणि वाचविलें. दुसरे बाजारीं चारी अखबार एकाच तोंडें बोलिले कीं, नाव धड आहे, बाईंस द्वेष आहे. लोक म्हणों लागले, "चौघे खोटे आणि एकटी खरी कैसी?" मग नाईकांनीं आम्हांस बोलावून शालजोडी दिली आणि म्हणाले, "आमचेकडे या. हवें तें लिहा, फक्त नावेचें सोडा." आम्हीं मनास समजाविलें कीं, एक गोष्ट न लिहिली तर काय बिघडतें? आणि गेलों. बाई इतकेंच बोलिल्या, "अक्षर तुमचें फार सुंदर होतें हो." नाईकांचे भयें त्यांस दुसरा लेखक मिळेना आणि अखबार बंद पडला.

भाद्रपदांत जत्रेचे दिवशीं नाव भर पात्रांत फुटली. एक्केचाळीस माणूस बुडालें, धावजीही गेला. नाईकांची आज्ञा जाहली आणि आम्हींच आपले हातें लिहिलें कीं, नावाडी दारू प्याला होता. सर्व पेठांत तेंच वाचिलें गेलें, उलट सांगणारा कोणी नव्हता. तेराव्यानंतर धावजीची बायको भिमाई दारीं येऊन म्हणाली, "दादा, तो दारूस कधीं शिवला नाहीं. तुमचेसमोरच बाईंस सांगोन गेला ना? एवढें एक खरें लिहा." आम्ही म्हणालों, "लिहीन, पण वाचूं कोण देईल?" ती निघोन गेली.

तात्पर्य, नाईक वारले, भय सरलें, तेव्हां आज लिहितों कीं, धावजी कोळी शुद्धीवर होता. जिनें हें ऐकावें ती भिमाई गेले माघीं वारली. शेवटीं चूकभूल माफ असावी म्हणण्याची रीत आहे. आम्हीं तर जाणोन केलें.