लाल भोपळ्याची मोहीम व कणकेचे दहा दिवे

॥ श्री अन्नपूर्णा साक्ष ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. लिहिण्याची आज्ञा कोणी केली नाही आणि बक्षिसाची आशा नाही. पोटात आग पडली आहे, ती कागदावर ओतल्यावाचून विझत नाही, म्हणून लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी, ते पंचांगात उगाच पडले नाही. राज्याचे नाव सांगत नाही, कारण सांगण्याजोगे तोंड उरले नाही. राज्य तीन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावरील, उत्तरेस गॅलरी, पूर्वेस जिना, आणि मध्ये स्वयंपाकघर, तीच राजधानी. तेथील राजे नावाचेच राजे, दरबारात बसून वर्तमानपत्र वाचीत आणि चहा मागवीत. राज्य चालवीत त्या राणीसाहेब वैजयंतीबाई. उभयतांस एकच कन्या, नाव रेवा, मोठी गुणाची, आणि ही बखर तिच्या भुकेची आहे.

कन्येस सातवे वर्ष लागले तेव्हां पोटाचा विकार जडला, अन्न अंगी लागेना, हातपाय काड्यांसारखे जाहले, आणि मग एकामागून एक वैद्य जाहले, दृष्ट काढून जाहली, जंतांची औषधे जाहली, शेवटी एका शहाण्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासले, नळी घालून आतडे पाहिले आणि निदान केले जे, गव्हाच्या पोटी ग्लूटेन नामे चिकट गनीम वसतो, तो या कन्येचे आतडे आतून कुरतडतो, सबब गहू, मैदा, रवा, जव यांचा कणही जन्मभर मुखी लागू देऊ नये. राणीसाहेबांनी पुसले, "कण म्हणजे किती?" त्या बाई बोलिल्या, "कण म्हणजे कण. ताटाला चिकटलेला सुद्धा." ते दिवसापासून राणीसाहेबांनी कन्येचा तवा निराळा केला, चाळण निराळी केली, बाजारच्या हिंगात मैदा असतो म्हणून हिंगाची डबीही हद्दपार केली, आणि मग आप्तस्वकीयांची फौज चालून आली.

या फौजेचे शस्त्र एकच, तीन शब्दांचे: "एवढ्याशाने काय होते!" धिक्कार असो या तीन शब्दांचा. जो येई तो हेच म्हणे. एका लग्नात कोणी काकी होत्या, त्यांनी राणीसाहेबांची पाठ फिरलेली पाहून कन्येच्या हाती अर्धा बेसनाचा लाडू ठेविला आणि बोलिल्या, "खा गं, तुझी आई उगाच बाऊ करते." लाडवात रवा होता. कन्या आठ दिवस अंथरुणास खिळली, आणि काकी खबर घेण्यासही फिरकल्या नाहीत. उलट चहूकडे सांगत फिरल्या जे, हल्लीच्या पोरांना काही सोसत नाही. ज्यांस आपली जीभ आवरत नाही त्यांनी दुसऱ्याचे आतडे मोजू नये, पण हे त्यांस सांगावे कोणी?

आणि कन्या शहाणी जाहली, हेच मोठे दुःख. दुसऱ्यांच्या वाढदिवसास जाई तेव्हां साळीच्या लाह्यांची डबी पिशवीत घेऊन जाई, आणि केकची बशी पुढे आली म्हणजे हात पाठीमागे बांधून बोले, "मला भूक नाही." एके दिवशी राणीसाहेब तिला आणावयास शेजारी गेल्या, तो दारातूनच हे शब्द कानी पडले. घरी येऊन पोरीने दोन वाट्या दहीभात खाल्ला. मग राणीसाहेब भांडी घासता घासता राजांस बोलिल्या, "हिच्या दहाव्या वाढदिवसाला एकच ताट असेल. सगळी पोरं त्यातलंच खातील आणि पहिला घास रेवाचा. माझ्या घरात तरी ती भूक नाही म्हणणार नाही." राजे बोलिले, "बरं." याउपर राजांनी या मोहिमेत जे केले ते पुढे लिहितो.

मसलत ठरली ती लाल भोपळ्याची. कारण असे जे, कन्येस लहानपणी भोपळ्याचे घारगे जीव की प्राण. ते करीत राजांची थोरली बहीण कुमुदआत्या, आणि घारग्यांत कणीक, म्हणून तेही सुटले. तेव्हां त्याच भोपळ्याचे मफिन करावे, मैदा नको, साखर नको, असा मनसुबा. मफिन म्हणजे टोपीकर इंग्रजांचे मुलखातील पक्वान्न, केकच्या जातीचे, वाटीएवढे. राणीसाहेबांनी ज्वारी निवडून, धुऊन, गॅलरीत वाळविली. बाहेरच्या गिरणीत आधी गहू दळतात आणि त्याचे पीठ उडते, म्हणून घरघंटी आणविली आणि तीत गव्हाचा दाणा शिवू दिला नाही. ज्वारी दळली, तांदूळ दळले, अळशीची पूड भिजवून चिकट केली, गूळ, दही, अंडी, सोडा, जायफळ, सारे सिद्ध केले आणि पहिली चाल केली. शिकस्त जाहली. मफिन ऐसे टणक निघाले की अडकित्ता मागवावा. दुसरी चाल केली, ती वरून फुगली आणि मधे खचली, आत कच्चे पीठ. राजे ते कोरीत कोरीत खात होते आणि बोलिले, "चिमूटभर कणीक घातली असतीस तर फुगले असते बघ." मूर्ख! ज्या गनिमाशी लढाई त्यालाच किल्ल्यात बोलाविण्याचा सल्ला! राणीसाहेबांनी एकवार पाहिले, आणि मग विचार करिता करिता ध्यानी आले जे, भोपळा उकडला म्हणजे पाणी धरतो, ते पाणीच घात करिते. तेव्हां भोपळ्याच्या फाका ओव्हनात भाजल्या, गर फडक्यात बांधून टांगला, पाणी निथळू दिले, आणि तिसरी चाल रविवारी सकाळी केली. फत्ते जाहली! बारा मफिन, केशरी, हलके, वर किंचित भेगाळलेले, वास जिन्यापर्यंत गेला. राणीसाहेबांनी एक मोडून तोंडात घातला नाही, कारण पहिला घास कन्येचा; नुसत्या पाहत उभ्या राहिल्या आणि डोळे पुसले.

बंदोबस्त आदले दिवशीच केला होता. ओटा तीनदा पुसला, लाटणे-पोळपाट कपाटात कोंडले, आणि कणकेचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल दोऱ्याने दोन गाठी मारून, माळ्यावर चढविला, आणि राजांस बजाविले, "हा डबा उद्या खाली उतरायचा नाही. कोणी काही म्हणो." राजे बोलिले, "बरं." हा 'बरं' लक्षात ठेवावा.

मग राणीसाहेब कन्येस न्हाऊमाखू घालावयास आणि वेणी घालावयास आत गेल्या, आणि त्याच घटकेस कुमुदआत्या आल्या. राणीसाहेबांचे आणि त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य, ऐसे लोक म्हणत. परंतु कन्येवर त्यांचा जीव, यात खोट नाही. त्या तूप, वाती आणि हळदकुंकू घेऊनच आल्या होत्या. या घराण्याची चाल ऐसी जे, मुलास जितकी वर्षे जाहली तितके कणकेचे दिवे करून औक्षण करावे. आत्याने करावे, हा तिचा मान. आत्या बोलिल्या, "बाळू, कणकेचा डबा कुठाय रे?"

राजे बोलिले, "वैजूनं माळ्यावर ठेवलाय. आज काढू नका म्हणाली."

"अरे, मी काय पोळ्या लाटणारे? दिव्यांना दोन मुठी पुरे. पोरीचं औक्षण काय पणत्यांनी करू? आपल्या आईनं तुझं कधी पणत्यांनी केलं होतं का?"

आता येथे राजांनी काय करावे? दिवे तांदळाच्या पिठाचे होतात, ते पीठ हाताशी होते, सांगावयास एक वाक्य पुरे होते. आत हाक मारावी, तर राणीसाहेब दहा पावलांवर होत्या. परंतु कोण वाद घालतो, कोण उठून विचारितो. आणि राजांच्या मनात तेच तीन शब्द उमटले, एवढ्याशाने काय होते. ते मुखावाटे निघाले नाहीत, कोणास ऐकू गेले नाहीत, तरी या लिहिणारास ऐकू गेले. कैसे, ते शेवटी लिहितो. मग राजे स्टुलावर चढले, डबा उतरविला, दोन्ही गाठी सोडिल्या, दोरा स्टुलाखाली टाकिला, आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडून बसले.

आत्यांनी त्याच ओट्यावर कणीक मळली, हळद घातली, दहा दिवे वळले, अंगठ्याने खोलगट केले, तूप भरिले, वाती लाविल्या. मग ताट पाहू लागल्या, तो ताटात बारा मफिन मांडलेले, दिव्यांस जागा नाही. तेव्हां त्यांस वाटले जे, केकवर मेणबत्त्या लावितात, मग यांवर दिवे का नसावेत? आणि एकेका मफिनावर एकेक ओला दिवा दाबून बसविला, दहावर दहा, आणि उरलेल्या दोहोंस पिठाच्याच हातांनी उचलून मधोमध नीट मांडिले. कैसे दिसले हे लिहावयास लाज वाटते, कारण सुंदर दिसले.

शेजारची आठ-नऊ पोरे जमली, कन्या नवा परकर नेसून पाटावर बसली, राणीसाहेब पाठोपाठ आल्या, आणि आत्या दिव्यांचे ताट घेऊन हसत हसत बाहेर आल्या. पोरे ओरडली, "रेवा, किती भारी!" कन्येने ताट पाहिले, तोंड फुलले, हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. दहा वर्षांची पोर, पण तीन वर्षे शिपायासारखी पहाऱ्यावर होती. बोलिली, "आत्या, दिवे कशाचे आहेत?"

"कणकेचे गं राणी. दुसरे कशाचे असणार?"

दिव्यांतले तूप पातळ होऊन मफिनांच्या भेगांत उतरत होते. कन्येने हात मागे घेतला, पाठीमागे बांधला, आणि आपल्या घरात, आपल्या वाढदिवशी, आपल्या आईसमोर बोलिली, "तुम्ही सगळे खा. मला भूक नाही."

आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला. राणीसाहेब ओरडल्या नाहीत. त्यांनी ताट घेतले, दिवे काढून विझविले, पोरांस मफिन वाटिले, आणि पोरे आवडीने खाऊ लागली आणि म्हणू लागली, "काकू, मस्त झालेत!", आणि ती तारीफ ऐकता ऐकता राणीसाहेबांनी कन्येची लाह्यांची डबी आणून तिच्या पुढ्यात उघडिली. मग आत गेल्या, स्टुलाखालचा लाल दोरा उचलला, आणि राजांसमोर येऊन पुसिले, "गाठ कोणी सोडली?"

राजे भिंतीवरील दिनदर्शिका पाहू लागले. आत्या मधे पडल्या, "वैजू, मीच मागितला गं डबा. मला कुठं ठाऊक, इतकं असतं ते. माझंच चुकलं."

राणीसाहेब बोलिल्या, "तुम्ही आलात तेव्हा तो माळ्यावर होता, वन्सं. तुमचा हात तिथवर पोहोचत नाही."

आत्या पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या आणि तो ओटा त्यांनी पाच वेळा घासला, आणि जाताना पुसून गेल्या जे, तांदळाच्या पिठाचे दिवे उकड काढून वळावे की कसे.

एवंच, सारांश ऐसा. मोहीम तीन चालींत फत्ते जाहली आणि दोन गाठींत बुडाली. मफिन उत्तम जाहले होते, ऐसे सारी पोरे सांगतात. जिच्यासाठी केले तिने चव पाहिली नाही. काकींचा दोष सांगितला, तो खरा. आत्यांचा दोष अज्ञानाचा, आणि तो त्यांनी ओट्यासह धुतला. परंतु कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा स्टुलावर चढला होता आणि त्याला सारे ठाऊक होते. राजांस या बखरीत मूर्ख म्हटले, ते थोडे म्हटले. राजांच्या मनातले तीन शब्द लिहिणारास कैसे ऐकू गेले, हे लिहितो ऐसे वचन दिले होते: लेखणी धरणारा हात आणि गाठ सोडणारा हात एकच आहे. राणीसाहेबांनी बोलणे टाकिले नाही, चहा वेळेवर येतो. कन्या नेहमीसारखी गळ्यात पडते. परवा तिला बाहेरून येताना खाऊ आणिला, पाकीट तीनदा वाचून, निवडून आणिला. तिने तो हातात घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि बोलिली, "बाबा, मी आईला विचारून खाते."