चिपला ऊन दाखवणे

जुने अवजार कधीही निकामी होत नाही. त्याच्या आजूबाजूचे जग तेवढे निकामी होत जाते. हे सत्य अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटातल्या बेमिजी गावचा निवृत्त दंतवैद्य व्हर्लिन टॉस्ट्रुड याला एका फेब्रुवारीत, आपल्याच तळघरात, आइस्क्रीमच्या जुन्या बादलीपुढे उकिडवे बसले असता उमगले.

निमित्त फ्रीझरचे. गॅरेजमधल्या फ्रीझरचे झाकण घरातले कोणीतरी नीट लावत नसे. (घरात दोघेच होते, आणि बायको आर्डिस नीट लावत असे.) आत तळ्यातले मासे आणि हरणाचे मांस, म्हणजे टॉस्ट्रुड कुटुंबाची सगळी स्थावर मालमत्ता होती.

"झाकण उघडं राहिलं की बोंबलेल असं काहीतरी बसव रे बाबा," आर्डिस म्हणाली.

"हार्डवेअरच्या दुकानात मिळतं की," शेजारचा डेल्मर म्हणाला. "चिकटवायचं, विसरायचं."

"विकत?" व्हर्लिनने विचारले. दाताने बाटली उघडणाऱ्या पेशंटला तो याच सुरात "दाताने?" असे विचारत असे.

कारण व्हर्लिन एके काळी प्रोग्राम लिहीत असे. तरुणपणी त्याने छोट्या चिपा शिकवून त्यांच्याकडून दिवे लुकलुकवले होते, आणि बर्फातल्या भोकात टाकलेल्या गळाला मासा लागला की घंटा वाजवून दाखवली होती. ती सारी सामग्री बादलीत शाबूत होती. चिपमध्ये प्रोग्राम भरायचे यंत्रही होते. फक्त त्याची रुंद, दातेरी वायर खुपसायला नव्या लॅपटॉपला तसले भोकच नव्हते. (नव्या लॅपटॉपला भोके कमी असणे ही प्रगती मानली जाते.)

म्हणून जुना संगणक खाली उतरवण्यात आला. तो सुरू झाला. आतली बॅटरी मेल्याने त्याच्या मते साल १९९४ होते, आणि हे बरेच झाले; प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची मुदत १९९६ला संपत होती. व्हर्लिनने संगणकाचा गैरसमज दूर केला नाही. त्या साली त्याचे स्वतःचे गुडघेही चांगले होते.

बादलीतल्या बहुतेक चिपा एकदाच लिहून घेणाऱ्या जातीच्या निघाल्या, आणि व्हर्लिनची एकेक चूक पोटात घालून त्या वीरगतीस गेल्या. एकच उरली, तीही आधीच लिहिलेली. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. त्या खिडकीतून अतिनील किरण सोडले की लिहिलेले पुसले जाते, मग पुन्हा लिहावे, अशी तिची उदार व्यवस्था. पुसायचा खास दिवा मात्र फुटला होता, आणि तो बनवणारी कंपनीही राहिली नव्हती.

"ऊनही चालतं," व्हर्लिन म्हणाला. "कडक ऊन, आठवडाभर."

आर्डिसने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर फेब्रुवारी होता.

व्हर्लिन डगमगला नाही. गावात कातडी रापवण्यासाठी दिव्यांचे पलंग भाड्याने देणारे एक दुकान आहे. पोटावर चिप ठेवून तो तिथे नेमाने पडून राहू लागला. अखेर तपासणी केली तेव्हा चिपवरचे अक्षरही हलले नव्हते. व्हर्लिन मात्र भाजलेल्या पावासारखा खरपूस दिसू लागला होता. चर्चमध्ये लोकांनी त्याला फ्लोरिडा कसे वाटले ते विचारले.

इथे आर्डिस, कुठल्याशा कपाटाची धूळ पुसत पुसत, म्हणाली, "लव्हर्नकडे ॲरिझोनात ऊन फार पडतं म्हणे."

लव्हर्न ही तिची बहीण. तिथल्या यूमा गावी ती पोहायच्या तलावाशेजारी राहते आणि दर हिवाळ्यात बोलावते. व्हर्लिनचे उत्तर दर हिवाळ्यात ठरलेले असे: थंडीला पाठ दाखवून पळणारा माणूस दातालाही पाठ दाखवतो. पण ही सहल नव्हती, हे तांत्रिक काम होते. जुना संगणक गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून बसला आणि तिघे निघाले.

यूमात लोक गादीला, उशीला ऊन दाखवतात तसे व्हर्लिनने चिपला दाखवले. बशीत ठेवली, कावळ्यांनी नेऊ नये म्हणून वर चाळण झाकली, दुपारी कूस बदलली. आठवड्यात चिप कोरी झाली. त्याने प्रोग्राम भरला. झाकण म्हणून लव्हर्नच्या पत्र्याच्या डब्याचे टोपण उघडले आणि यंत्र बोंबलले! साठी उलटलेला दंतवैद्य टॉवेलवर नाचला.

"वा!" आर्डिस तलावातून म्हणाली. "पण एकदाच ओरडतं रे. दोनदा ओरडलं असतं तर..."

दोनदा ओरडायचे तर पुसणे आले. पुसायचे तर आठवडा आला. पुढच्या आठवड्यात आवाज किनरा असल्याचे आढळले. त्यापुढे, पाहुणे असताना त्याने ओरडू नये, ही सूचना पुढे आली. आर्डिस दर सुधारणा पोहून आल्यावर, केस निथळत असताना सुचवी. जाणकारांना अशा कामात ग्राहकाचा इतका सखोल सहभाग क्वचितच लाभतो.

मार्चमध्ये डेल्मरचा फोन आला.

"अरे, तुझ्या फ्रीझरचं झाकण सताड उघडं आहे!"

व्हर्लिन ओरडला, "मासे?"

"दगड झालेत. गॅरेज फ्रीझरहून गार आहे, गाढवा. हिवाळ्यात तू तो चालू कशाला ठेवतोस? मासे उबदार राहावेत म्हणून?"

व्हर्लिनने फोन ठेवला. तलावात आर्डिस पाठीवर तरंगत होती, डोळे मिटून, हसत. गेल्या कित्येक हिवाळ्यांत त्याने तिला गुडघ्यापर्यंतचे बूट, टोपी आणि त्यांच्यामधला कोट एवढेच पाहिले होते. तो काठाशी गेला.

"आर्डिस, आणखी काही सुधारणा आहे का गं?"

तिने एक डोळा उघडला. "विचार करावा लागेल."

"घाई नाही," तो म्हणाला आणि चांगल्या चालणाऱ्या चिपवरची चाळण सारखी करून आला.

सुज्ञ वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की दुकानातले तयार यंत्र आणले असते तर हे काम पाच मिनिटांत आटोपले असते. वाचकाची अवजारे अद्ययावत आहेत, त्याची सगळी कामे पाच मिनिटांत होतात. त्यातून वाचलेल्या वेळाचे तो काय करतो, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. आत्ताच्या पाच मिनिटांचे काय केले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.